वॉर्निशखालचा अजिंठा

रॉबर्ट गिल म्हटले की मराठी वाचकाला पारो आठवते, ना. धों. महानोरांच्या ‘अजिंठा’ने ती मनात रुजवली. माझे लक्ष मात्र लेण्यांच्या भिंतींकडेच जाते. मद्रास फौजेतला हा अधिकारी १८४४ साली तिथल्या चित्रांच्या नकला करायला नेमला गेला आणि तिथलाच होऊन राहिला. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडलेल्या त्याच्या बहुतेक नकला १८६६च्या आगीत जळाल्या. गिल मायदेशी काही परतला नाही. १८७९ साली तो वारला; थडगे भुसावळला आहे.

१८७२पासून जे. जे.चे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन तेरा वर्षे नकला करत होते. त्यांतल्याही बऱ्याच १८८५ साली लंडनमध्येच जळाल्या.

पण आगीपेक्षा मला वॉर्निश सलते. रंग उठून दिसावेत म्हणून ग्रिफिथ्सनी मूळ चित्रांवरच ते चढवले, आणि पुढे ते काळवंडले. हे सारे लोभापायी! निजामाचे, म्हणजे आम्हा नांदेड-लातूरकरांचेही तेव्हाचे सरकार. त्याच्या पुरातत्त्व खात्याने १९२०मध्ये इटलीहून दोन तज्ज्ञ आणले. त्यांनी सुटणारा गिलावा पक्का केला, हे मोठेच काम; पण वरून लाखेचा थर दिला. तोही पिवळा पडला.

हैदराबादचे सय्यद अहमद लेडी हेरिंगहॅमबरोबर नकला करायला आले होते. पुढे तेच अजिंठ्याचे क्युरेटर झाले.