तारण आणि न्याय

भगिनींनो, ‘तारण’ म्हटले की आपल्या जव्हार-मोखाड्यात काय आठवते? आवणीच्या दिवसांत सावकाराकडे ठेवलेला डाग. मराठी ख्रिस्ती कुटुंबांत मात्र तारण म्हणजे पापातून सुटका. शेवटच्या दिवशी सर्वांचा न्याय होईल. पुण्याईच्या जोरावर कोणी सुटणार नाही. माणसाजवळ गहाण ठेवण्याजोगे काहीच नव्हते, तेव्हा ख्रिस्ताने आपला प्राण देऊन त्याला सोडविले, अशी त्यांची श्रद्धा आहे. मी वारकरी घरातली. हा विचार मला उमगला तो पंडिता रमाबाईंच्या चरित्रातून.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. कोवळ्या वयातच उपासमारीने त्यांचे आईवडील व थोरली बहीण गेली. पुढे विलायतेत, जगाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या स्त्रियांना ख्रिस्ती धर्मभगिनी मायेने सांभाळताना त्यांनी पाहिल्या. हे का करता, असे विचारता त्यांना येशू आणि शोमरोनी स्त्रीची कथा सांगण्यात आली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तरीही धर्म बुद्धीला पटला, पण तारणाची खूण मनाला पटायला आणखी कित्येक वर्षे लागली, असे त्यांनीच प्रांजळपणे लिहून ठेवले आहे.

१८८९ साली त्यांनी शारदा सदन काढले. १८९३ मध्ये धर्मांतराच्या शंकेवरून पुण्यात मोठे वादळ उठले व अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. पण १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या व उपाशी मुलींना, बालविधवांना घेऊन आल्या. केडगावला त्यांच्यासाठी जे घर उभे राहिले, त्याचे नाव ‘मुक्ती’. तेथे मुली वाचायला, विणायला, छपाई करायला शिकल्या.

तारण जर कृपेनेच मिळते, तर एवढी यातायात कशासाठी? मत्तयाच्या शुभवर्तमानात न्यायाच्या दिवसाचे चित्र आहे. मेंढपाळाने शेरडे-मेंढरे वेगळी करावीत तशी राजा माणसे निवडतो. भुकेल्याला अन्न दिले का, परक्याला आसरा दिला का, हे तो पाहतो. दोषी ठरलेले म्हणतात, प्रभू, तुला उपाशी आम्ही पाहिले तरी केव्हा? त्यांनी कोणाला मारलेले नसते, लुटलेले नसते. त्यांनी पाहिलेले नसते, एवढेच. रमाबाईंच्या लेखी अन्नदान ही तारणाची किंमत नव्हती. जो स्वतः सोडविला गेला, त्याचा हात आपोआप पुढे होतो, असे त्यांचे आचरण सांगते.

हे वाचताना मला १९९२ साल आठवले. त्या वर्षी आपल्याच तालुक्यातील वावर-वांगणीत कुपोषणाने बालके दगावली. मी तेव्हा नवी सून होते. त्या बाजूच्या बायकांकडून मी बाजारात नागली घेत असे. भाव केला होता; पोरांची चौकशी कधी केली नव्हती. बातमी कळली ती वर्तमानपत्रातून. ‘आम्ही पाहिले तरी केव्हा’, हे उत्तर माझ्याही ओठांवर आले, आणि तेथेच थिजले.

कोणी कोणता धर्म पाळावा, हा ज्याच्या त्याच्या अंतःकरणाचा प्रश्न आहे. पण तो राजाचा प्रश्न कोणा एका धर्माचा नाही. आज वर्धापनदिनी आपण जमलो आहोत. कोण आले, हे आपण मोजूच. कोणत्या पाड्यावरून कोणीच आले नाही, हेही एकदा विचारू या.