भयकथांतील कल्पित दैवते व गूढपंथ

भयकथाकारांनी मनोरंजनासाठी रचलेल्या देवदेवता, ग्रंथ व विधी ह्यांना पुढे काही वाचकांनी वास्तव मानून त्यांच्याभोवती उभारलेली श्रद्धापद्धती. पारंपरिक दैवतकथेचा कर्ता सामान्यतः अज्ञात असतो आणि ती अनेक पिढ्यांच्या कथनातून आकार घेते. येथे मात्र कर्ता, रचनेचे वर्ष, पहिले प्रकाशन आणि पुष्कळदा कर्त्याने स्वतः दिलेली कल्पितपणाची कबुली हे सर्व उपलब्ध असते. तरीही श्रद्धा निर्माण होते. धर्माच्या व लोकसमजुतींच्या अभ्यासात ह्या प्रकाराला महत्त्व आहे ते ह्यामुळेच. एकोणिसाव्या शतकापासून यूरोप-अमेरिकेत ह्याची उदाहरणे आढळतात. त्यांपैकी एकाचा मुंबईशी आणि अलीकडील एकाचा कोकणाशी संबंध आहे.

पूर्वपीठिका : इंग्रज कादंबरीकार एडवर्ड बुल्वर-लिटन (१८०३–७३) ह्याने द कमिंग रेस (१८७१) ह्या कादंबरीत भूगर्भात राहणारी एक प्रगत मानवजात आणि तिच्या ताब्यातील ‘व्रिल’ नावाची सर्वसमर्थ शक्ती कल्पिली. थिऑसॉफिकल सोसायटीच्या एक संस्थापक हेलेना ब्लाव्हॅट्‌स्की (१८३१–९१) ह्यांनी इसिस अन्‌व्हेल्ड (१८७७) ह्या ग्रंथात ह्या शक्तीचा उल्लेख प्राचीनांना ज्ञात असलेली शक्ती म्हणून केला. ब्लाव्हॅट्‌स्की व कर्नल ऑल्‌कट फेब्रुवारी १८७९ मध्ये मुंबईस आले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात द थिऑसॉफिस्ट हे मासिक मुंबईहून निघू लागले. १८८२ च्या अखेरीस सोसायटीचे मुख्यालय मद्रासजवळील अड्यार येथे गेले. पुढे द सीक्रेट डॉक्ट्रिन (१८८८) मध्ये ब्लाव्हॅट्‌स्की ह्यांनी असे प्रतिपादन केले, की व्रिल हे नाव कल्पित असू शकेल. परंतु ती शक्ती सत्य आहे, भारतात तिच्याविषयी कोणाला शंका नाही आणि सर्व गुप्त ग्रंथांत तिचा निर्देश आहे. कादंबरीतील कल्पनेला येथे भारतीय प्राचीनत्वाचा आधार मिळाला. पण तो ज्या ग्रंथांतून मिळाला, ते गुप्त असल्यामुळे त्यांची पडताळणी कोणालाही करता येण्याजोगी नव्हती.

लव्हक्राफ्ट व कथुलू-कथाचक्र : अमेरिकन भयकथाकार हॉवर्ड फिलिप्स लव्हक्राफ्ट (१८९०–१९३७) ह्याने थिऑसॉफीच्या वाङ्‌मयातील लुप्त खंड व मानवपूर्व वंश ह्या कल्पनांचा आपल्या कथांत उपयोग केला. स्वतः तो कट्टर जडवादी होता. द कॉल ऑफ कथुलू (१९२८) ह्या त्याच्या प्रसिद्ध कथेत कथुलू हे प्रचंड, परग्रहीय अस्तित्व समुद्रतळाशी निद्रिस्त आहे आणि त्याची उपासना करणारे गुप्त संप्रदाय जगभर विखुरलेले आहेत, अशी कल्पना आहे. अशा कथांचे जे चक्र तयार झाले, त्यात लव्हक्राफ्टने नेक्रोनॉमिकॉन ह्या कल्पित ग्रंथाचे वारंवार हवाले दिले. क्लार्क ॲश्टन स्मिथ, रॉबर्ट हॉवर्ड इ. त्याचे लेखकमित्र एकमेकांनी कल्पिलेल्या देवतांचे व ग्रंथांचे उल्लेख आपापल्या कथांतून करीत. एकच नाव निरनिराळ्या लेखकांच्या लेखनात आढळल्यामुळे त्यामागे काही सामायिक, जुनी परंपरा असावी, असा वाचकांचा समज होऊ लागला.

१९२७ मध्ये लव्हक्राफ्टने ह्या ग्रंथाचा लटका इतिहास लिहिला. तो त्याच्या मृत्यूनंतर १९३८ मध्ये छापला गेला. त्यानुसार हा ग्रंथ अब्दुल अलहझ्रेद नावाच्या अरबाने आठव्या शतकात दमास्कस येथे रचला, त्याचे ग्रीक भाषांतर झाले, एका धर्माध्यक्षाने त्याच्या प्रती जाळल्या आणि १२३२ मध्ये पोप नववा ग्रेगरी ह्याने त्यावर बंदी घातली. पोप नववा ग्रेगरी ही ऐतिहासिक व्यक्ती आहे. बंदी मात्र कल्पित आहे. ह्या इतिहासाची रचना ध्यानात घेण्यासारखी आहे. ग्रंथ कोठेच का मिळत नाही, ह्या प्रश्नाचे उत्तर कथेतच दिलेले आहे : तो जाळला गेला, निषिद्ध ठरला, दडविला गेला. पुराव्याचा अभाव हाच जणू पुरावा होतो. वाचकांनी पत्रांतून विचारणा केल्यावर हा ग्रंथ आपणच कल्पिलेला आहे, असे लव्हक्राफ्टने स्पष्टपणे कळविले होते. तथापि ग्रंथालयांकडे व पुस्तकविक्रेत्यांकडे त्याची मागणी होतच राहिली.

कथेपासून उपासनेकडे : लव्हक्राफ्टच्या निधनानंतर ऑगस्ट डर्लेथ (१९०९–७१) ह्याने १९३९ मध्ये आर्कम हाउस ही प्रकाशनसंस्था स्थापण्यात पुढाकार घेऊन त्याच्या कथा ग्रंथरूपाने टिकवून ठेवल्या. त्याचबरोबर त्याने ह्या विस्कळित कथाविश्वाला सुष्ट व दुष्ट शक्तींच्या संघर्षाची चौकट दिली आणि देवतांची पंचमहाभूतांसारख्या तत्त्वांनुसार विभागणी केली. उपासनापद्धतीस लागणारी व्यवस्था अशा रीतीने साहित्यातच तयार झाली.

१९७० नंतरच्या दशकात तिचा प्रत्यक्ष वापर सुरू झाला. इंग्रज गूढवादी केनेथ ग्रँट (१९२४–२०११) हा ॲलिस्टर क्रोली (१८७५–१९४७) ह्याचा अनुयायी होता. द मॅजिकल रिव्हायव्हल (१९७२) ह्या ग्रंथात त्याने लव्हक्राफ्ट व क्रोली ह्यांच्या लेखनातील नावांची साम्ये दाखविली आणि लव्हक्राफ्टला स्वप्नांतून नकळत खरेच ज्ञान लाभले होते, अशी उपपत्ती मांडली. ह्या उपपत्तीमुळे कर्त्याचा नकारही निरुपयोगी ठरला. कारण आपण काय सांगतो आहोत, हे कर्त्यालाच ठाऊक नव्हते, असे म्हणण्याची सोय झाली. त्याच वर्षी, सॅन फ्रॅन्सिस्को येथे १९६६ मध्ये चर्च ऑफ सेटन ही संस्था स्थापणारा अँटन लाव्हे ह्याच्या द सेटॅनिक रिच्युअल्स ह्या पुस्तकात लव्हक्राफ्टच्या देवतांना उद्देशून रचलेले विधी छापले गेले. १९७७ मध्ये न्यूयॉर्क येथे ‘सायमन’ ह्या टोपणनावाने नेक्रोनॉमिकॉन ह्याच नावाचे पुस्तक प्रसिद्ध झाले. प्राचीन मेसोपोटेमियातील देवनामे व मंत्र ह्यांत लव्हक्राफ्टच्या नावांशी साम्य असलेली नावे मिसळून ते सिद्ध केले होते. १९८० मध्ये त्याची स्वस्त आवृत्ती निघाली आणि विधी करू पाहणाऱ्यांच्या हाती प्रथमच एक तयार पोथी पडली. लव्हक्राफ्टच्या एका कथेत एसोटेरिक ऑर्डर ऑफ डेगॉन हा कल्पित पंथ येतो. १९८० नंतरच्या दशकात त्याच नावाची खरी संघटना अमेरिकेत अस्तित्वात आली.

१९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये ‘केऑस मॅजिक’ हा संप्रदाय उदयास आला. श्रद्धा हे केवळ साधन आहे, देवता खरी असण्याची आवश्यकता नाही, अशी त्याच्या अनुयायांची भूमिका आहे. त्यामुळे कल्पित देवतेची कल्पित म्हणूनच उपासना करण्यास त्यांना अडचण वाटत नाही. ह्या पंथांचे अनुयायी संख्येने थोडेच आहेत. त्यांचे महत्त्व श्रद्धा कशी घडते, ते दाखवून देण्यात आहे.

हस्तर : मराठी वाचकास जवळचे उदाहरण म्हणजे ‘हस्तर’ हे नाव. आंब्रोझ बिअर्स ह्या अमेरिकन लेखकाच्या १८९१ मधील एका कथेत हॅस्टर हा मेंढपाळांचा सौम्य देव आहे. रॉबर्ट चेंबर्स ह्याने द किंग इन यलो (१८९५) ह्या संग्रहात हे नाव उचलले; पण तेथे ते स्थळाचे की व्यक्तीचे, हे संदिग्ध ठेवले. लव्हक्राफ्टने १९३१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका कथेत त्याचा ओझरता उल्लेख केला आणि डर्लेथने त्याला दुष्ट दैवत बनविले. स्टीव्हन किंग ह्याच्या ग्रॅमा (१९८४) ह्या कथेत आजारी आजीजवळ एकटा राहिलेला मुलगा तिला शांत करण्यासाठी हेच नाव उच्चारतो. ह्या कथेवरून मराठीतील अग्रगण्य भयकथाकार नारायण धारप (१९२५–२००८) ह्यांनी ‘आजी’ ही कथा लिहिली. धारपांनी पाश्चात्त्य भयकथांतील अनेक कल्पना मराठी घर, वाडा व देवघर ह्यांच्या परिसरात आणून रुजविल्या. त्यांनी निर्मिलेला ‘समर्थ’ हा अमानवी शक्तींशी झुंजणारा नायक विशेष लोकप्रिय झाला.

दिग्दर्शक राही अनिल बर्वे ह्यांनी ही कथा १९९३ मध्ये नागझिरा अभयारण्यात एका मित्राकडून ऐकली. तिच्या प्रेरणेने सिद्ध झालेला तुंबाड हा हिंदी चित्रपट १२ ऑक्टोबर २०१८ रोजी प्रदर्शित झाला. त्याचे नाव श्री. ना. पेंडसे ह्यांच्या तुंबाडचे खोत (१९८७) ह्या कादंबरीवरून घेतलेले आहे. चित्रपटातील आख्यानानुसार सोळा कोटी देवतांना जन्म देणाऱ्या समृद्धीच्या देवीचे पहिले व लाडके अपत्य म्हणजे हस्तर. सोने मिळविल्यावर तो धान्यही बळकावू पाहतो, तेव्हा इतर देवता त्याच्यावर तुटून पडतात. त्याची कधीही पूजा होणार नाही, ह्या अटीवर देवी त्याला वाचविते. हे आख्यान कोणत्याही पुराणात नाही. तथापि हस्तर हा मूळ कोणत्या पुराणातला, अशी पृच्छा अनेक प्रेक्षकांनी केली आणि १३ सप्टेंबर २०२४ रोजी चित्रपट पुन्हा प्रदर्शित झाल्यावर ती अधिकच वाढली. येथेही लव्हक्राफ्टच्या ग्रंथासारखीच रचना आहे. हस्तरचे देऊळ का नाही, पोथ्यांत त्याचे नाव का नाही, ह्याचे उत्तर त्याच्या शापातच आहे. मेंढपाळांचा देव सव्वाशे वर्षांत कोकणातील शापित देवपुत्र झाला. ह्या प्रवासातील एकाही लेखकाने तो खरा असल्याचा दावा केलेला नव्हता.

हस्तरची उपासना करणारा पंथ महाराष्ट्रात निर्माण झालेला नाही. परंतु चित्रपटातून उपासनेचा प्रसार होऊ शकतो, हे जय संतोषी माँ (१९७५) ह्या चित्रपटानंतर देशभर पसरलेल्या शुक्रवारच्या व्रतावरून दिसून आले आहे.

जिवंत परंपरेशी तुलना : कल्पित दैवतकथा व लोकपरंपरेतील दैवतकथा ह्यांतील भेद पालघर जिल्ह्यात स्पष्टपणे पाहावयास मिळतो. तारापूरचे अणुवीजकेंद्र (१९६९) व बोईसरची औद्योगिक वसाहत ह्यांच्यापासून थोड्याच अंतरावर वारली पाडे आहेत. तेथे लग्नप्रसंगी सुवासिनी भिंतीवर पालघट देवीचा चौक लिहितात आणि धवलेरी तिची गाणी म्हणते. ह्या देवतेला गुप्त ग्रंथाची गरज नाही. ती सर्वांसमक्ष, सर्वांना ठाऊक असलेल्या विधीत प्रकट होते. समाज हाच तिचा आधार होय. कल्पित दैवताला असा समाज नसतो, म्हणून त्याला गुप्तता व प्राचीनता ह्यांचा आधार घ्यावा लागतो.

मात्र जिवंत परंपरेतही पडताळणी अशक्य करणारी समजूत असते. तांदळाचे दाणे पाहून एखादी स्त्री ‘भुताळी’ असल्याचे भगत ठरवितो, तेव्हा तिने केलेला इन्कार तिच्या बाजूचा पुरावा मानला जात नाही. अशा स्त्रियांना बहिष्कार, मारहाण व प्रसंगी मृत्यूही सोसावा लागलेला आहे.

सामाजिक व कायदेशीर बाजू : तुंबाडची कथा पुरलेल्या धनाभोवती फिरते आणि गुप्तधनाची समजूत महाराष्ट्रात फार जुनी आहे. परभणी जिल्ह्यातील मानवत येथे १९७२ ते १९७४ ह्या काळात प्रामुख्याने स्त्रिया व मुली ह्यांच्या हत्या झाल्या. गुप्तधन व अपत्यप्राप्ती ह्यांसाठी त्या घडवून आणल्या गेल्या, असे फिर्यादी पक्षाचे म्हणणे होते. धन सापडले नाही, तर विधी अपुरा राहिला, असे सांगून मांत्रिक पुढील बळीची मागणी करतो. अपयशाचे समर्थन येथेही समजुतीतच अंतर्भूत आहे.

अशा प्रथांविरुद्ध कायदा व्हावा, म्हणून नरेंद्र दाभोलकर (१९४५–२०१३) व महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती ह्यांनी दीर्घकाळ प्रयत्न केले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकरांची हत्या झाली. त्यानंतर चार दिवसांनी अध्यादेश निघाला आणि डिसेंबर २०१३ मध्ये विधिमंडळाने नरबळी, अघोरी प्रथा व जादूटोणा ह्यांना प्रतिबंध करणारा अधिनियम संमत केला. गुप्तधनाच्या शोधासाठी केलेली अघोरी कृत्ये व एखाद्या व्यक्तीवर चेटूक करीत असल्याचा आरोप लादून तिचा छळ करणे, हे त्यानुसार गुन्हे आहेत. त्यांसाठी सहा महिने ते सात वर्षे कारावास व पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड अशी शिक्षा आहे. भयकथा लिहिणे, वाचणे वा पाहणे ह्यांस ह्या अधिनियमाचा कोणताही अडथळा नाही आणि तसा तो असण्याचे कारणही नाही.

भयकथेतील दैवत खरे वाटू लागण्यास केवळ लेखकाचे कौशल्य कारणीभूत नसते. गुप्त ग्रंथ, दडविलेले धन वा निषिद्ध नाव ह्यांवर विश्वास ठेवण्याची तयारी समाजात आधीपासून असते; कथा तिला फक्त एक नाव पुरविते. म्हणून एखादे दैवत किती जुने आहे, ह्या प्रश्नापेक्षा, ते खोटे ठरविण्याचा मार्ग त्याच्या कथेने मोकळा ठेवला आहे की नाही, हा प्रश्न अशा श्रद्धांच्या परीक्षणात अधिक उपयुक्त ठरतो.