लेस्टर ते जेद्दा : एका सुताराने उभारलेला प्रवासव्यवसाय

वाचकहो, इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर राजे, लढाया आणि तह उभे राहतात. एका सामान्य माणसाने आपल्या गावात सुरू केलेला धंदा परदेशी कसा नेला, हाही इतिहासच आहे. तथापि शाळेच्या पुस्तकात त्याला क्वचितच जागा मिळते. आज आपल्या समाजातील अनेक तरुण प्रवास, पर्यटन आणि हज-उमराहच्या व्यवसायात उतरत आहेत. त्यांनी आणि त्यांच्या पालकांनी टॉमस कुक या माणसाचा इतिहास अवश्य समजून घ्यावा.

कुकचा जन्म १८०८ साली इंग्लंडमधील डर्बीशायर परगण्यात एका गरीब घरात झाला. वयाच्या दहाव्या वर्षी शाळा सुटली. प्रथम माळ्याच्या हाताखाली आणि पुढे सुतारकामात त्याने दिवस काढले. तो दारूबंदीच्या चळवळीचा निष्ठावंत कार्यकर्ता होता. दारूबंदीच्या सभेला जाण्यासाठी ५ जुलै १८४१ रोजी त्याने लेस्टर ते लफबरो अशी खास रेल्वेगाडी ठरविली. अंतर सुमारे १८ किलोमीटर, जाऊन-येऊन भाडे एक शिलिंग आणि प्रवासी सुमारे पाचशे. त्याचा हिशेब साधा होता. डबे रिकामे धावण्यापेक्षा कमी भाड्याने भरून धावले, तर रेल्वे कंपनीचाही फायदा आणि गरिबाचीही सोय.

नफ्यासाठी पहिली सहल त्याने १८४५ मध्ये लिव्हरपूलला नेली. सहलीपूर्वी तो स्वतः त्या मार्गाने फिरून आला आणि प्रवाशांसाठी त्याने माहितीपुस्तिका छापली. पुढील वर्षीची स्कॉटलंडची सहल मात्र गैरसोयीची ठरली. वाटेत चहापाण्याची सोय होईल असे सांगितले होते, ती झाली नाही व लोक रागावले. त्याच १८४६ साली कुकचे दिवाळेही निघाले. दुसरा कोणी असता तर पुन्हा सुतारकामाकडे वळला असता. कुकने मात्र काम सोडले नाही. १८५१ मध्ये लंडनला मोठे औद्योगिक प्रदर्शन भरले, तेव्हा त्याने सुमारे दीड लाख लोकांना तेथे नेले. त्यांत कामगार पुष्कळ होते. आठवड्याला थोडे थोडे पैसे साठवून त्यांनी प्रवासखर्च भागविला होता.

आता तो परदेशी कसा गेला ते पाहा. १८५५ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनानिमित्त त्याने युरोपची पहिली सहल काढली, पण तीत तोटा आला. खरा धक्का १८६२ च्या सुमारास बसला. स्कॉटलंडच्या रेल्वे कंपन्यांनी त्याला सवलतीची तिकिटे देणे बंद केले आणि वर्षानुवर्षे जोपासलेले क्षेत्र हातचे गेले. घरचे दार बंद झाले म्हणून त्याने १८६३ मध्ये स्वित्झर्लंडचे दार ठोठावले. हाती भांडवल मोठे नव्हते, पण ग्राहकांचा विश्वास होता. त्या विश्वासावरच इंग्रज कुटुंबे अनोळखी देशात त्याच्यामागे निघाली.

१८६८ पासून त्याने हॉटेलची कुपने काढली. प्रवाशाने आपल्या गावी, आपल्या नाण्यात पैसे भरावेत आणि परक्या देशातील हॉटेलवाल्याने कुपन घेऊन ठरलेल्या दरात जेवण व खोली द्यावी, अशी ही योजना होती. हॉटेलवाल्याला गिऱ्हाइकाची खात्री आणि प्रवाशाला दराची खात्री. १८६९ मध्ये त्याच्या सहली ईजिप्त व पॅलेस्टाइनला पोचल्या. १८७२ मध्ये तो पृथ्वीप्रदक्षिणेच्या सहलीस निघाला. ती सहल २२२ दिवसांची होती, आणि तीत तो भारतातही येऊन गेला.

१८८१ मध्ये ‘टॉमस कुक अँड सन’चे कार्यालय मुंबईत उघडले. येथून ही कथा आपल्या घराजवळ येते. त्या काळी हजला जाणाऱ्या गरिबांचे हाल विचारू नयेत. जहाजांत माणसे कोंबली जात, दलाल नाडत, कॉलऱ्याची साथ पसरे. १८८० मध्ये ‘जेद्दा’ नावाच्या जहाजाला समुद्रात धोका दिसताच कप्तान आणि गोरे अधिकारी नऊशेंहून अधिक यात्रेकरूंना तसेच टाकून पळाले होते. सुदैवाने ते जहाज बुडाले नाही व एडनला पोचले. सरकारवर टीका होत होती. अखेर १८८६ मध्ये सरकारने हज यात्रेच्या वाहतुकीची व्यवस्था कुकच्या कंपनीकडे सोपविली. आगगाडी व आगबोट यांचे जोडतिकीट, ठरलेले दर आणि परतीची सोय अशी तिची योजना होती.

परंतु जी पद्धत नाईल नदीवर यशस्वी झाली, ती येथे रुजली नाही. १८९३ मध्ये हा करार संपुष्टात आला. असे का व्हावे? पर्यटक ठरलेल्या दिवशी घरी परततो. आपल्या यात्रेकरूंपैकी कित्येक जण मक्का-मदिनेतच राहण्याच्या, प्रसंगी तेथेच देह ठेवण्याच्या इच्छेने निघत. पुष्कळांजवळ परतीचे पैसेच नसत आणि परतीचे तिकीट सक्तीचेही नव्हते. कंपनीला मक्तेदारी नव्हती. शिवाय दलाल कितीही लबाड असला तरी तो यात्रेकरूची भाषा बोले. मुंबईतच १८७७ मध्ये स्थापन झालेली आणि पुढे ‘मोगल लाइन’ म्हणून ओळखली गेलेली कंपनी मात्र नंतर कित्येक दशके यात्रेकरूंची ने-आण करीत राहिली.

वाचकहो, लेस्टरचा कामगार कुकला ठाऊक होता, कारण तो स्वतः त्यांच्यातूनच आला होता. त्या कामगाराला काय परवडते आणि कशाची भीती वाटते, हे त्याला कोणी सांगावे लागले नाही. मुंबईच्या धक्क्यावर गाठोडे घेऊन बसलेला यात्रेकरू मात्र त्याच्या कंपनीला कधी उमगलाच नाही. धंदा परदेशी नेताना जहाज आणि तिकीट यांहूनही ही ओळख अधिक मोलाची ठरते.

या इतिहासाचा शेवटही ध्यानात ठेवण्याजोगा आहे. कर्जाच्या डोंगराखाली दबून कुकने स्थापिलेली ही ब्रिटिश कंपनी २३ सप्टेंबर २०१९ रोजी बंद पडली आणि परदेशी अडकलेल्या सुमारे दीड लाख ब्रिटिश प्रवाशांना सरकारला माघारी आणावे लागले. भारतातील त्याच नावाची कंपनी तेव्हा वेगळ्या मालकीची होती, म्हणून ती वाचली. १७८ वर्षांचे नावही कर्जापुढे टिकत नाही.

आपल्याकडे कोणी शेतमजूर, कोणी शिलाईकाम करणारी विधवा भगिनी आयुष्यभराची पुंजी एखाद्या तरुणाच्या हाती हजसाठी ठेवते. त्या पुंजीची पावती एका शिलिंगाच्या तिकिटाइतकीच साफ असली पाहिजे. सांगितलेला चहा न मिळाल्याने लोक कुकवर रागावले होते. येथे शब्द मोडला तर कुणाचा तरी हजच राहून जातो. म्हणून या व्यवसायात पाऊल टाकणाऱ्या तरुणांनी प्रथम तो मार्ग स्वतः चालून पाहावा, आणि मगच दुसऱ्यांना त्यावर न्यावे.