रक्तातील प्रथिनाची ओळख : सिकलसेल निदानाचा इतिहास आणि किनवट-माहूर परिसर

प्रस्तावना :
नांदेड जिल्ह्यातील किनवट व माहूर तालुक्यांत गोंड, कोलाम, आंध, परधान या आदिवासी जमातींची वस्ती आहे. या परिसरात सिकलसेल या आनुवंशिक रोगाचे रुग्ण आढळतात. त्याचे निदान रक्तातील एका प्रथिनाच्या ओळखीवर अवलंबून असते. प्रस्तुत लेखात या ओळखीचा इतिहास मांडून, रुग्ण व वाहक यांतील भेद त्यातून कसा स्पष्ट झाला, याचा विचार केला आहे.

शोधाचे टप्पे :
१९१० मध्ये शिकागोचे डॉ. जेम्स हेरिक यांनी एका विद्यार्थ्याच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी आढळल्याची नोंद केली. मात्र मूळ दोष पेशीतील हिमोग्लोबिन या प्रथिनात आहे, हे १९४९ मध्ये लायनस पॉलिंग व सहकाऱ्यांनी दाखवून दिले. भारतात लेहमन व कटबुश यांनी १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींत सिकल पेशी आढळल्याचे प्रसिद्ध केले. १९५८ मध्ये मध्य भारतातील वाहकांविषयी शुक्ला व सोलंकी यांचा शोधनिबंध 'लॅन्सेट'मध्ये आला.

दोन चाचण्या, दोन प्रश्न :
सोल्युबिलिटी चाचणीत रक्त विशिष्ट रासायनिक द्रावणात मिसळतात. प्राणवायू निघून गेलेले सिकल हिमोग्लोबिन त्यात विरघळत नाही. द्रावण गढूळ होऊन नळीमागील रेघा दिसेनाशा होतात. ही चाचणी स्वस्त व सोपी आहे. परंतु रुग्ण आणि वाहक या दोघांचेही द्रावण गढूळच होते. इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये प्रथिने विद्युतभारानुसार कमी-अधिक सरकतात. सिकल हिमोग्लोबिनवरील ऋणभार कमी असल्याने ते मागे राहते. वाहकाच्या नमुन्यात सामान्य व सिकल असे दोन पट्टे उमटतात. सिकलसेल ॲनिमियाच्या रुग्णात, बाहेरचे रक्त दिलेले नसल्यास, सामान्य पट्टा नसतो.

समारोप :
वाहक व्यक्ती सामान्यतः निरोगी जीवन जगते. आई-वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात अपत्य रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के असते. तपासणी पहिल्याच चाचणीवर थांबली, तर निरोगी मुलीवर 'रोगी' असा शिक्का बसून तिच्या विवाहात अडथळे येऊ शकतात. २०२३ मध्ये राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले असून त्याचे लक्ष्य २०४७ हे वर्ष आहे. या अभियानाचे यश केवळ तपासलेल्या नमुन्यांच्या संख्येवर ठरणार नाही. दुसऱ्या चाचणीचा निष्कर्ष प्रत्येक कुटुंबाला त्याच्या बोलीत, गोंडी-कोलामीतही, समजावून सांगितला जाणे तितकेच आवश्यक आहे.