सायकलवाल्याचे गाव

धाकट्या लेकीचा फोन दर रविवारी सकाळी येतो. तिचे सासर बेळगावचे. गेला महिनाभर फोनचा विषय एकच आहे. "आप्पा, आता तुम्ही दोघं इकडंच या. वडूजात काय ठेवलंय? मार्च लागला की नुसती भट्टी. इथली हवा बघा कशी गार असते."

मुलीचे म्हणणे खोटे नाही. माझे वय ७४, सौ.चे ७०. खटाव-माण म्हणजे दुष्काळी मुलूख, एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो हे मी कशाला नाकारू? पण मंडळी, माझी अडचण वेगळीच आहे, आणि ती फोनवर सांगायला लाज वाटते. माझी अडचण सायकल आहे.

जुन्या वाचकांना हे माहीत आहेच, नातेवाइकांना तर जरा जास्तच. नव्यांसाठी सांगतो. माझी ३५ वर्षे नोकरी झाली, त्यातली २१ पाटण तालुक्यात, कोयनेच्या बाजूला. तिकडचा पाऊस ज्याने पाहिला नाही त्याला सांगून कळत नाही. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू झाला की गणपतीपर्यंत सूर्याचे तोंड दिसत नसे. चेन आठवड्यात गंजायची. ब्रेकचे रबर ओले झाले की उतारावर ब्रेक दाबणे आणि देवाचे नाव घेणे सारखेच. चार महिने सायकल भिंतीला टेकलेली आणि मी चिखलातून पायी शाळेत. ओलीने गुडघे धरले ते वेगळेच. २००९ साली निवृत्त झालो तेव्हा बरोबरीचे गुरुजी कोणी कराडला गेले, कोणी साताऱ्याला, कोणी मुलांकडे पुण्याला. मी वडूजच्या वडिलोपार्जित दोन खोल्या दुरुस्त करून इथे आलो. लोकांना सांगितले, "मूळ गाव आहे, भावकी आहे." खरे कारण ऊन. इथे पाऊस पडतो तो सुद्धा माणसाला विचारून पडल्यासारखा. वर्षातले जवळजवळ सगळे दिवस सकाळी सहाला सायकल बाहेर काढता येते. येरळेच्या पुलापर्यंत, नाहीतर हुतात्मा स्मारकापर्यंत. (९ सप्टेंबर १९४२ ला आमच्या वडूजच्या कचेरीवर मोर्चा गेला, गोळीबार झाला, परशुराम घार्गे आणि त्यांचे साथीदार धारातीर्थी पडले. त्यावर पूर्वी एकदा लिहिले आहे.)

असो. तर बेळगाव की वडूज असा विचार करीत बसलो असताना एका माणसाची आठवण झाली. त्याने नेमका उलटा प्रवास केला होता. तोही सायकलवाला. बेळगावचे थंड हवामान सोडून तो आमच्या बाजूच्या उन्हात, माळावर राहायला आला. त्याचे नाव लक्ष्मणराव किर्लोस्कर.

किर्लोस्कर म्हटले की लोकांना पंप आठवतो, नांगर आठवतो. माझ्या पिढीला 'किर्लोस्कर', 'स्त्री', 'मनोहर' ही मासिके आठवतात. पण या सगळ्याची सुरुवात सायकलच्या दुकानाने झाली हे विद्यार्थ्यांना सांगितले की ते माझ्याकडे संशयाने बघत. गुरुजींना सगळीकडे सायकलच दिसते!

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. चित्रकला शिकायला मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये गेले, पण डोळ्यांना काही रंग ओळखता येईनात. रंग सुटले, रेषा राहिल्या. ते यांत्रिक ड्रॉइंगकडे वळले आणि पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. म्हणजे मुळात आमच्याच बिरादरीतले! तिथे हक्काची बढती डावलली गेली म्हणून त्यांनी नोकरी सोडली. बढती डावलली गेल्यावर नोकरी सोडणारे शिक्षक मी फार पाहिले नाहीत. रागाने दोन दिवस न जेवणारे पाहिले, त्यांतला एक मीच.

मुंबईत असताना त्यांनी सायकल पाहिली आणि तिने त्यांना झपाटले. थोरले बंधू रामूअण्णा बेळगावात होते. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवीत आणि रामूअण्णा त्या विकीत. 'किर्लोस्कर ब्रदर्स' हे नाव या दोन भावांचे. कंपनी आपला जन्म १८८८ सालचा मानते. योगायोग बघा, डनलॉपने हवेचा टायर काढला तो याच साली, आणि दोन्ही चाके सारखी असलेली, आजच्यासारखी सायकल इंग्लंडात बाजारात येऊन तेव्हा जेमतेम तीन वर्षे झाली होती. म्हणजे आपल्याकडे ही कुठल्या कुठे मागाहून आलेली वस्तू नव्हे. ती जवळजवळ ताजी ताजीच बेळगावला पोचली.

किंमत मात्र ऐकण्यासारखी आहे. सातशे ते हजार रुपये! त्या काळचे. शिवाय शिकवणीचे पंधरा रुपये वेगळे. रामूअण्णा गिऱ्हाइकाला सायकल विकत आणि मग तिच्यावर बसायला शिकवीत. बेळगावात लष्कराची छावणी होती, रस्ते चांगले होते, साहेब लोक आणि वकील-डॉक्टर होते, म्हणून हा धंदा तिथे चालला असावा असे मला वाटते. मी स्वतः १९६२ च्या सुमारास भाड्याच्या सायकलवर शिकलो, तासाला दोन आणे, नळीखालून पाय घालून, आणि गुरू म्हणून आमचा चुलतभाऊ, ज्याने मला उतारावर सोडून दिले व स्वतः घरी गेला. पंधरा रुपये देणाऱ्याला रामूअण्णांनी निदान शेवटपर्यंत धरून ठेवले असेल.

पुढे सायकली मागे पडल्या. कडबा कापायचे यंत्र आले, मग १९०३ साली लोखंडी नांगर. नांगर बनवला, पण तो खपायला दोन वर्षे लागली. लोखंडाने जमिनीला विष चढते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. (हसू नका. आमच्या आजोबांचे सायकलबद्दलही असेच काहीसे मत होते, फक्त विष जमिनीऐवजी माणसाला चढते एवढाच फरक.)

आणि मग घाव आला. बेळगावच्या नगरपालिकेला शहर वाढवण्यासाठी जागा हवी होती, कारखाना हलवा असा हुकूम निघाला. लक्ष्मणराव तेव्हा चाळिशीत. बायकामुले, कामगार, यंत्रे, आणि जायचे कुठे? अशा वेळी ते कामानिमित्त कुठे होते ठाऊक आहे? आमच्या औंधला! वडुजापासून पंधरा-वीस किलोमीटरवर. तिथे देवळाच्या सभामंडपाचे काम त्यांनी घेतले होते. औंधचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी १९०९ च्या शेवटी गादीवर आले होते. हा राजा म्हणजे विलक्षण प्रकरण. स्वतः चित्रकार, कीर्तनकार, सूर्यनमस्कारांचा प्रचारक. पुढे १९३९ साली यांनीच आपल्या हातची सत्ता प्रजेला दिली. कारखानदाराची अडचण त्यांच्या कानावर गेली आणि त्यांनी आपल्या संस्थानात जागा देऊ केली, वर कर्जही दिले.

औंध संस्थान सलग नव्हते, फाटक्या गोधडीच्या तुकड्यांसारखे विखुरलेले होते. एक तुकडा इथे, एक आटपाडीला, एक कुंडलला. रेल्वे जात होती ती कुंडलजवळून. लक्ष्मणरावांनी निवडली ती कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर जागा. आज ती सांगली जिल्ह्यात पलूस तालुक्यात येते. १९१० च्या मार्चमध्ये वस्ती सुरू झाली.

त्या जागेवर काय होते? निवडुंग आणि नाग. माळ. वर ऊन. महिनाही मार्चचा, म्हणजे पुढे एप्रिल आणि मे. बेळगावच्या झाडीत आणि गारव्यात वाढलेली ही माणसे, सुमारे पंचवीस कामगार आणि त्यांची कुटुंबे, त्या माळावर उतरली तेव्हा त्यांच्या मनात काय आले असेल याचा मी पुष्कळदा विचार करतो. आपण पुस्तकात वाचतो की 'माळरानावर नंदनवन फुलवले' आणि पान उलटतो. पहिला निवडुंग तोडताना हाताला काटे किती लागले ते पानावर नसते. रखवालीला लक्ष्मणरावांनी कोणाला नेमले, तर पूर्वी दरोड्यांसाठी शिक्षा भोगलेल्या तुकाराम आणि पिऱ्या या दोघांना. त्यांनी इमानाने रखवाली केली. वस्तीची आखणी रामूअण्णांनी पाहिली. सायकल शिकवणारा माणूस गावाचे रस्ते आखू लागला!

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे कबूल करतो. लक्ष्मणरावांनी हे गाव उन्हासाठी निवडले नाही. रेल्वेसाठी आणि राजासाठी निवडले. कच्चे लोखंड, कोळसा आत यायला हवा आणि नांगर बाहेर जायला हवेत, आणि जागेचा मालक उद्या 'उठा' म्हणणारा नको. एकदा उठवलेल्या माणसाला दुसरी गोष्ट पहिलीहून मोठी वाटत असणार. ऊन त्यांच्या वाट्याला ओघाने आले. तरी माझ्या मनात येते की ओतकामाच्या मातीच्या साच्यांना कोरडी हवा मानवलीच असेल. चेन गंजण्याचे दुःख ज्याला माहीत आहे त्याला असले विचार सुचतात.

१९७५ च्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तिघे मास्तर वडूजहून सायकलींवर किर्लोस्करवाडीला गेलो होतो. मायणी, विटा करीत. विट्याला एका ओळखीच्या घरी मुक्काम. येरळा कधी जवळ येई, कधी लांब जाई. आमच्या गावाची ही नदी तिकडेच जाऊन ब्रह्मनाळला कृष्णेला मिळते. कुंडल लागले तेव्हा आधी प्रतिसरकारच्या गोष्टी निघाल्या, आणि मग एकदम दोन्ही बाजूंना झाडे असलेला सरळ रस्ता आला. सावलीत शिरल्यावर आम्ही कोणी काही न बोलता पायडल मारायचे थांबवले आणि सायकली नुसत्या जाऊ दिल्या. कारखान्याचा भोंगा झाला, आणि फाटकातून कामगार बाहेर पडले. बहुतेक सगळे सायकलींवर. शेकडो सायकली, घंट्यांचा एकच गलका. सातशे रुपयांचे ते साहेबी वाहन सत्तर-ऐंशी वर्षांत फिरून कामगाराच्या डब्याखाली आले होते. आमच्यातला एक जण म्हणाला, "मास्तर, आपल्यापेक्षा यांच्या सायकली नव्या आहेत." होत्याच.

त्या वेळी जे सुचले नव्हते ते आता सुचते. लक्ष्मणरावांच्या पत्नी राधाबाई. थोरला मुलगा शंतनुराव तेव्हा सात वर्षांचा सुद्धा नव्हता. नागांच्या माळावर लहान मुले घेऊन संसार मांडायचा तो त्यांनी. कारखाना कुठे न्यायचा हे पुरुषांनी ठरवले. पण रात्री कंदील घेऊन अंथरुणाखाली साप बघायचा, तो कोणी बघितला?

आणि मग आमच्या दोन खोल्यांकडे पाहिले. २००९ साली वडूजला यायचे मी ठरवले तेव्हा सौ.ला विचारले होते का? सांगितले होते. विचारले नव्हते. तिचे माहेर पाटणकडचे. पाऊस तिला आवडतो. सोळा उन्हाळे तिने इथे काढले, पत्र्याच्या खोलीत, कारण मास्तरांना सकाळी सहाला कोरडा रस्ता हवा.

म्हणून मागच्या रविवारी फोन ठेवल्यावर प्रथमच विचारले. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "बेळगावचा पाऊस तुमच्या गुडघ्यांना सोसायचा नाही. आणि इथला उन्हाळा आता मला सोसत नाही." मग थोडा वेळ गेला. "मार्च ते मे तिकडं राहू. नातवंडांना सुट्टी असते. पाऊस लागायच्या आत तुम्हाला परत आणते."

'आणते' म्हणाली. मी हो म्हटले.

लेकीला अजून कळवलेले नाही, ती हे वाचेल तेव्हा कळेलच. जायचे ठरले तर किर्लोस्करवाडी स्टेशनावरूनच गाडी पकडीन म्हणतो, जुन्या कुंडल रोडवरून. सायकल मात्र नेणार नाही. ॲटलास आहे, त्या कंपनीचा शेवटचा कारखाना २०२० साली ३ जूनला बंद झाला, नेमका जागतिक सायकल दिनाला. आता या वयात तिला गाडीच्या डब्यात चढवणे नको.

तेव्हा बेळगावकर वाचकांना विनंती. कोणाकडे जुनी सायकल पडून असेल तर कळवावे. २२ इंची फ्रेम, मागे कॅरिअर, गिअर नकोत. योग्य किंमत देऊ. शिकवणीची गरज नाही.