लिंबाचा पाला, एरंडेल आणि पेवातली ज्वारी

मंडळी, तूर घरात आली की काही दिवसांत भुंगा लागतो आणि आपण दुकानातून गोळी आणतो. ही गोळी चौसाळ्यात यायच्या आधी आपल्या भागातली माणसं धान्य कसं टिकवत होती, ते आज लिहितो. जुनं ते सगळं सोनं म्हणायला नाही, त्यात शास्त्र किती होतं ते बघायला.

निजामाच्या राज्यात आपला बीड जिल्हा असताना ज्वारीचं मोठं कोठार म्हणजे पेव. मुरमाड कोरड्या जागी खोल खड्डा, आतून कडब्याचा थर, वरून तोंड मातीनं लिंपलेलं. बंद पेवातला प्राणवायू धान्य आणि किडे मिळून संपवत, आणि कीड तिथंच गुदमरून मरे. म्हणूनच पेव उघडलं की लगेच माणूस आत उतरवत नसत. घरात बळद, नाहीतर निरगुडीच्या फोकांची, शेणामातीनं लिंपलेली कणगी. ज्वारीत लिंबाचा वाळलेला पाला, कुणी बिब्बे टाकी. बियाण्याच्या कडधान्याला राख, आणि खायच्या तुरीला एरंडेलाचा हात.

यातलं प्रत्येक काम कारणानं होतं. भुंगा तुरीच्या दाण्यावर अंडी चिकटवतो. तेलाचा थर बसला की अंड्याला हवा मिळत नाही. राखेनं किड्याच्या अंगावरचा मेणाचा थर खरवडला जातो आणि तो सुकून मरतो. लिंबाचं सांगायचं तर 1962 साली दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत डॉ. प्रधान आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की लिंबोळीचा अर्क मारलेलं पीक टोळ खात नाहीत. 1968 साली त्यातलं ॲझाडिरेक्टिन इंग्लंडमध्ये वेगळं काढलं गेलं. आपल्या आज्या ते नाव न घेताच वापरत होत्या.

मग बदललं काय? साठच्या दशकात हायब्रीड ज्वारी आली. ती पावसात काढणीला यायची, दाणा ओला राहायचा आणि लवकर किडायचा. त्याच काळात पावडरींचे डबे आले. डीडीटी आणि बीएचसी घराघरांत पोचली. पुढं 1989 मध्ये शेतीसाठी डीडीटी आणि 1997 मध्ये बीएचसी सरकारनं बंद केली. त्यांच्या जागी गोळी बसली, ॲल्युमिनियम फॉस्फाइडची. तीन ग्रॅमच्या एका गोळीतून साधारण एक ग्रॅम फॉस्फिन वायू निघतो, फटीतून शेजारच्या खोलीत जातो, आणि त्यावर उतारा नाही. नियमानं ती फक्त सरकारी संस्था आणि परवानाधारक कीडनियंत्रण करणाऱ्यांसाठी आहे. झोपायच्या खोलीत पोतं आणि पोत्यात गोळी, हा खेळ लेकरांच्या जिवावर बेततो.

इकडं आपण लिंब विसरत होतो, तिकडं 1994 साली युरोपात लिंबाच्या तेलाच्या बुरशीनाशक वापरावर अमेरिकन सरकारचं शेती खातं आणि डब्ल्यू. आर. ग्रेस कंपनीला पेटंट मिळालं. ते 2000 साली रद्द झालं आणि 2005 मध्ये अपीलही फेटाळलं गेलं. त्यात अभय फडके यांची साक्ष महत्त्वाची ठरली: 1985 आणि 1986 च्या उन्हाळ्यात पुणे आणि सांगली जिल्ह्यात असे प्रयोग आधीच झाले होते. म्हणजे ज्याची नोंद सापडली, तेच टिकलं.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. नुसत्या पाल्यानं सगळी कीड थांबत नाही, आणि तुरीत भुंगा बऱ्याचदा शेतातूनच येतो. आधी कडक ऊन. दाताखाली दाणा कटकन फुटला पाहिजे. मग स्वच्छ, हवाबंद कोठी, आणि नंतर पाला, तेल, राख. हे जमलं तर काढणीच्या गर्दीत पडेल त्या भावानं तूर विकायची घाई राहत नाही, आणि घरात विषही येत नाही.

चौसाळा आणि आसपासच्या वाड्या-वस्त्यांवर जुन्या बायांना अजून हे सगळं तोंडपाठ आहे. कोणत्या धान्याला काय, किती आणि कधी घालायचं, ते त्यांना विचारा आणि इथं खाली लिहा. लिहिलेलं राहील.