न्यूझीलंडला जाताय? मग वाइतांगी आणि पारिहाका लक्षात ठेवा

दर दिवाळीनंतर इनबॉक्समध्ये एक प्रश्न हमखास येतो. मुलगा किंवा मुलगी ऑकलंडला आहे, तीन आठवडे जायचंय, माओरी संस्कृती 'बघायची' आहे, तर कुठे जाऊ? टूर कंपनीच्या कागदावर उत्तर छापलेलंच असतं: रोटोरुआ, संध्याकाळी हाका नाच, मग जमिनीत पुरून शिजवलेलं जेवण. मी इतिहासाचा वाचक, ट्रॅव्हल एजंट नव्हे. त्यामुळे माझं उत्तर लांबतं. एकदाच सगळं इथे लिहून ठेवतो.

रोटोरुआला जाऊ नका, असं मी अजिबात म्हणणार नाही. पर्यटकांसाठी केलेलं ते सगळं खोटं, असं नाक मुरडणाऱ्यांना तिथला इतिहास माहीत नसतो. १८८० च्या आसपास तारावेरा डोंगराजवळच्या गुलाबी आणि पांढऱ्या नैसर्गिक पायऱ्या बघायला युरोपातून लोक बोटीनं यायचे. त्यांना तिथवर नेणारे वाटाडे, होड्या वल्हवणारे, पैसे ठरवणारे सगळे तुहोउरांगी जमातीचे माओरी. सोफिया हिनेरांगी ही त्यातली सर्वात नावाजलेली वाटाडी. ते वाइरोआ गावात त्यांनी हिनेमिही नावाचं सभागृह बांधलं. कोरीव मूर्तींच्या डोळ्यांत एरवी शिंपला बसवतात, इथे सोन्याची नाणी बसवली होती. धंदा कसा चालला होता ते यावरून कळावं!

१० जून १८८६ च्या पहाटे तारावेराचा स्फोट झाला. त्या पायऱ्या गेल्या, गाव राखेखाली गेलं. सोफियाच्या घरात आसरा घेतलेले साठहून अधिक लोक वाचले. तुहोउरांगी विस्थापित होऊन फाकारेवारेवाला आले आणि तिथे पुन्हा वाटाड्याचं काम करू लागले. आणि हिनेमिही? सहा वर्षांनी गव्हर्नर ऑन्स्लोनं ते सभागृह ५० पौंडांना विकत घेतलं आणि इंग्लंडमधल्या आपल्या बागेत नेऊन उभं केलं.

म्हणून रोटोरुआत तिकीट काढण्याआधी एकच चौकशी करा: हा कार्यक्रम कुणाचा, कुठल्या जमातीचा, पैसे कुणाकडे जातात? फाकारेवारेवा गावात आजही कुटुंबं राहतात, गरम वाफेवर जेवण शिजतं. दोन तास तिथे घालवा. पण तिथेच थांबू नका.

ऑकलंडहून उत्तरेला तीन-साडेतीन तासांवर वाइतांगी आहे. ६ फेब्रुवारी १८४० ला तिथे ब्रिटिश राजसत्ता आणि माओरी सरदार यांच्यात करार झाला. भानगड अशी की करार दोन भाषांत आहे आणि दोन्ही एकच गोष्ट सांगत नाहीत. मिशनरी हेन्री विल्यम्स आणि त्याच्या मुलानं एका रात्रीत माओरी भाषांतर केलं. इंग्रजी मसुद्यात सरदारांनी सार्वभौमत्व सोडलं. माओरी मसुद्यात त्यांनी 'कावानातांगा' दिलं, म्हणजे कारभार बघण्याचा अधिकार. आणि जमिनी, गावं, मौल्यवान ठेवा यांवरचं सरदारपण, 'रांगातिरातांगा', त्यांच्याकडेच राहिलं. सुमारे ५४० जणांनी सह्या केल्या, त्यातल्या फक्त ३९ जणांनी इंग्रजी प्रतीवर. बाकी सगळ्यांनी जे माओरीत ऐकलं, त्यावर. सातबारा, खरेदीखत, 'इथे अंगठा करा' हे ज्यांच्या घरात घडलंय त्यांना यापुढे फार समजावावं लागणार नाही. नंतर युद्धं झाली, आणि १८६३ च्या कायद्यानं एकट्या वाइकातोत सुमारे १२ लाख एकर जमीन जप्त झाली.

नोव्हेंबर २०२४ मधला तो व्हिडिओ आठवतोय का, संसदेत एक तरुण माओरी खासदार विधेयकाची प्रत फाडून हाका सुरू करते? आपल्याकडे तो 'काय जबरदस्त' म्हणून फिरला. भांडण या कराराचंच होतं: त्याची तत्त्वं कायद्यानं नव्यानं ठरवायचा प्रस्ताव होता. त्यानंतर काही दिवसांतच हजारो माणसं चालत वेलिंग्टनला पोचली. एप्रिल २०२५ मध्ये ते विधेयक ११२ विरुद्ध ११ मतांनी पडलं. वाइतांगीला दोन तास घालवलेला माणूस तो व्हिडिओ वेगळ्या डोळ्यांनी बघतो. ज्यांची मुलं तिथे नागरिक झालीत, त्यांच्यासाठी तर हा करार आता घरचाच कागद आहे.

वाइतांगीलाच माओरी बटालियनचं संग्रहालय आहे, ते चुकवू नका. दुसऱ्या महायुद्धात सुमारे ३,६०० माओरी परदेशी लढले, त्यातले ६४९ गेले. अपिराना न्गाता या नेत्यानं या बलिदानाला नागरिकत्वाची किंमत म्हटलं होतं. आता आपला धागा. ९ एप्रिल १९४५ ला इटलीत सेनियो नदी ओलांडताना न्यूझीलंडची डिव्हिजन आणि आठवी भारतीय डिव्हिजन शेजारी-शेजारी लढत होत्या. एका बाजूला माओरी बटालियन, दुसऱ्या बाजूला मराठा लाइट इन्फन्ट्री. त्या दिवशीच्या पराक्रमासाठी अहमदनगर जिल्ह्यातल्या नामदेव जाधवांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. दोघेही साम्राज्यासाठी लढले, आणि दोघांच्याही घरी जमिनीचा आणि हक्काचा प्रश्न तसाच होता. संग्रहालयात उभे राहाल तेव्हा हे सोबत असू द्या.

पश्चिमेला तारानाकी डोंगराच्या पायथ्याशी पारिहाका आहे. जप्त जमिनींवर गोरे वसाहतवाले येऊ लागले, तेव्हा ते फिती आणि तोहू काकाही या दोघांच्या सांगण्यावरून इथल्या लोकांनी १८७९ मध्ये त्या शेतांत नांगर घातले. शस्त्र उचललं नाही. शेकडो नांगरकरी खटल्याशिवाय तुरुंगात गेले. ५ नोव्हेंबर १८८१ ला सुमारे १,६०० सशस्त्र माणसं गावावर चालून आली, तर समोर गाणारी मुलं, आणि पाहुण्यांसाठी भाजलेल्या पावांचा ढीग! तरी गाव उद्ध्वस्त केलं, दोन्ही पुढाऱ्यांना खटला न चालवता दीड वर्षाच्या आसपास डांबलं. गांधीजी तेव्हा १२ वर्षांचे होते. सरकारची अधिकृत माफी यायला २०१७ उजाडलं.

एक सूचना: पारिहाका पर्यटनस्थळ नाही, नांदतं गाव आहे. दर महिन्याच्या १८ आणि १९ तारखेला तिथे मंडळी जमतात, तेव्हा बाहेरच्यांचंही स्वागत होतं. आधी विचारून जा.

आता रीतभात. माराएवर, म्हणजे गावाच्या सभास्थानी, थेट घुसायचं नाही. फाटकाशी थांबायचं. आतून बाईची हाक येते, 'कारांगा', मग हळूहळू पुढे. भाषणं होतात, आपल्या बाजूनं कुणीतरी बोलावं लागतं, पाकिटातून 'कोहा' ठेवतात. आपल्या आहेरासारखंच. मग 'होंगी', नाकाला नाक लावून एकच श्वास. लाजू नका, हसूही नका. चपला बाहेर, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. पण जेवणाच्या टेबलावर आणि उशीवर बसू नका, कारण डोकं पवित्र आणि अन्न वेगळं. आत फोटो काढायचा तर विचारून. आणि चेहऱ्यावरची नक्षी, 'मोको', वंश सांगते. ती हातावर गोंदवून घ्यायची हौस आवरा.

शेवटी भाषा. शाळेत माओरी बोललं की छड्या बसत. १९८२ पासून आज्या-आजोबांनी 'कोहांगा रेओ' म्हणजे भाषेची घरटी चालवून, बालवाडीच्या वयापासून ती वाचवली. १९८७ ला ती अधिकृत झाली. (अभिजात दर्जा मिळाला म्हणून पेढे वाटून झाले असतील तर हे आपणही वाचावं.) उच्चारात मात्र मराठी माणूस इंग्रजापेक्षा पुढे आहे. अ, ए, इ, ओ, उ जसेच्या तसे, रोमन 'डब्ल्यू-एच' दिसलं की बहुतेक ठिकाणी फ. म्हणून फाकारेवारेवा, फांगारेई. विमानात दहा वेळा म्हणा. आणि तिथे पोचल्यावर पहिला शब्द 'किआ ओरा'.